दोन मतदानांच्या मधली पाच वर्षे

एका मताने काय फरक पडतो, हा प्रश्न हिंगोलीकरांनी तरी विचारू नये. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत राजीव सातव या मतदारसंघातून अवघ्या 1,632 मतांनी निवडून आले. वसमत, कळमनुरी आणि हिंगोलीसह हदगाव, किनवट, उमरखेड असे सहा विधानसभा मतदारसंघ, तीन जिल्ह्यांत पसरलेली गावे आणि निकालाचा फरक मात्र मतदान केंद्रामागे साधारण एका मताचा. तरीही याच जिल्ह्यात, पारावर असो की मोंढ्यात, राजकारणाचा विषय निघाला की गप्पा एकाच वाक्यावर येऊन थांबतात: कुणीही निवडून आलं तरी आपल्याला काय फरक पडतो? असे म्हणणारा माणूस मतदान करतो, बोटाला शाई लावून घेतो आणि मग पाच वर्षे बाजूला होतो. लोकशाहीबद्दलची उदासीनता आपण मतदानाच्या टक्केवारीत शोधतो, पण तिचे खरे घर दोन मतदानांच्या मधल्या त्या पाच वर्षांत आहे. नागरिकाच्या बोलण्याने निर्णय बदलू शकेल अशा जागा त्या काळात त्याच्या हातून एकेक करून निसटल्या आहेत. त्या परत मिळवणे हाच या आजारावरचा उपाय आहे.

आधी आकडे पाहू. हिंगोली लोकसभा मतदारसंघात 2019 मध्ये मतदान 66 टक्क्यांच्या पुढे होते, 2024 मध्ये ते 63.5 टक्क्यांच्या आसपास आले. घट झाली खरी, पण त्याच निवडणुकीत मुंबई दक्षिण आणि कल्याण हे मतदारसंघ जेमतेम 50 टक्क्यांवर होते. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला राज्यातले मतदान सुमारे 66 टक्के झाले. आणि 15 जानेवारी 2021 रोजी कोरोनाच्या सावटाखाली राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, तेव्हा ते 79 टक्क्यांपर्यंत गेले. ग्रामपंचायतीला भावकी, गटबाजी आणि पैसा यांचाही जोर असतो, हे मान्य. पण तेवढ्यावरून एवढा मोठा फरक समजत नाही. ज्याला मत द्यायचे तो माणूस ओळखीचा असतो, त्याने काय केले आणि काय केले नाही ते रोज डोळ्यांसमोर असते. सत्ता जितकी जवळ, तितका माणूस तिच्यात रस घेतो. लोक आळशी झालेत, त्यांना कर्तव्याची जाण उरली नाही, हे निदान या आकड्यांपुढे टिकत नाही.

हिंगोली जिल्ह्यातला माणूस गप्पही बसलेला नाही. 2019 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या ताकतोडा गावातल्या शेतकऱ्यांनी कर्ज आणि नापिकीला कंटाळून आपले गावच विक्रीला काढले. 2023 च्या अखेरीस त्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या, अशी मागणी सरकारकडे केली. त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या गावागावांत पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले आणि ऑक्टोबरअखेर हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी राजीनामा लिहून दिला. या प्रश्नांचे स्वरूप वेगवेगळे आहे, पण त्यांची रीत सारखी आहे. ग्रामसभेचा ठराव, पंचायत समितीची सभा, जिल्हा परिषदेतला प्रश्न, आमदाराने सभागृहात मांडलेली मागणी या नेहमीच्या वाटेने दाद लागेल, असा भरवसा लोकांना उरला नाही; म्हणून त्यांनी थेट राज्याचे लक्ष वेधेल असा टोकाचा मार्ग धरला. ज्याचे ऐकले जात नाही तो एक तर ओरडतो किंवा गप्प होतो. ओरडणारे आपल्याला टीव्हीवर दिसतात. गप्प झालेले कुठल्याच आकडेवारीत येत नाहीत आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी असते.

मधली वाट कशी बंद झाली, याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण म्हणजे जिल्हा परिषद. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 11 लाख 77 हजार आणि त्यात शंभरांतले पंचाऐंशी लोक खेड्यात राहणारे. त्यांच्या मुलांची शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रस्ते, पाणीपुरवठा, पाझर तलाव हा सगळा व्यवहार जिल्हा परिषदेकडे आहे. 2017 मध्ये तिच्या 52 गटांतून सदस्य निवडून आले. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले. पाच पंचायत समित्यांच्या 104 गणांचेही तेच झाले. तिथे गटविकास अधिकारी कारभार पाहू लागले. ओबीसी आरक्षणाचा पेच सर्वोच्च न्यायालयात होता, त्यातच गटरचनेचे वाद होते. न्यायालयाने 6 मे 2025 रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले, पुढे मुदत वाढवून दिली. डिसेंबर 2025 मध्ये राज्यात नगरपरिषदांचे मतदान झाले, पण 2025 साल सरले तरी हिंगोली जिल्हा परिषदेला निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेच्या 243-ई कलमात स्पष्ट लिहिलेले असताना जवळपास पावणेचार वर्षे लोकप्रतिनिधींविना गेली.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. सदस्य म्हणजे टक्केवारी आणि ठेकेदारी. प्रशासक आले, कटकट गेली, कामे तरी सुरळीत होतात. काही ठिकाणी तसे घडलेही असेल. पण अधिकाऱ्याची बदली होते, तो पुढच्या निवडणुकीत आपल्या दारात येत नाही आणि त्याने नाकारलेल्या कामाचा जाब त्याला सर्वसाधारण सभेत कुणी विचारत नाही. गटातल्या शाळेला शिक्षक नसेल तर सभेत उभे राहून आवाज चढवणारा सदस्य, त्याचा हेतू मतांचा असला तरी, त्या पालकाच्या हातातले एक साधन असतो. शिवाय निवडून आलेले मंडळ नसले की पैसाही अडतो. मार्च 2026 पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला महाराष्ट्रात दहा टक्के वाटा पंचायत समितीचा आणि दहा टक्के जिल्हा परिषदेचा होता. त्यासाठी लोकनियुक्त मंडळ असणे ही अट होती. आणखी एक नुकसान हळूहळू कळते. राजीव सातव पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत, तिथून 2009 मध्ये कळमनुरीचे आमदार आणि मग खासदार झाले. ही वाट बंद राहिली की नवी माणसे तयार होत नाहीत, तिकिटे मुंबईत ठरतात आणि उमेदवार वरून येतो. राजकारणात चांगली माणसे येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी ती कुठून यायची होती, हेही पाहिले पाहिजे.

जिल्हा परिषदेचे कुलूप बाहेरून लागले. ग्रामसभेचे दार मात्र कायद्याने उघडे असूनही आत कुणी नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. त्या साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी होतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी कमी असेल ती. सभा घेतली नाही तर सरपंचाचे पद जाऊ शकते. कागदावर इतकी जवळची सत्ता जगात फार थोड्या ठिकाणी असेल. प्रत्यक्षात काय होते ते बारकाईने पाहा. नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, पण विषयपत्रिकेत ‘विकासकामांना मंजुरी देणे’ एवढेच असते. कोणते काम, कुठल्या वस्तीत, किती रुपयांचे, ते नसते. झेंडावंदन उरकते, विद्यार्थी पांगतात, पंधरा-वीस माणसे उरतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते! मग सूचक-अनुमोदकांची नावे घालून ठराव लिहिले जातात आणि हजेरी रजिस्टर सहीसाठी घरोघर फिरते. सही करणाऱ्याला आपण कशावर सही केली हे माहीत नसते. अशा दोन-तीन सभा पाहिलेला माणूस चौथ्या सभेला येत नाही, आणि त्याचे चुकते असे म्हणता येणार नाही. आपल्या बोलण्याने काहीच बदलत नाही हे तो अनुभवातून शिकला आहे.

त्यात तारखांचे गणित आणखी वाईट आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरी भागातली कितीतरी कुटुंबे, विशेषतः तांड्यांवरची आणि वाड्यांवरची, दसरा-दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. 2 ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी ऐन भरात असते. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा ठरतो तो नेमका ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत. म्हणजे ज्यांना गावात काम नाही म्हणून बाहेर पडावे लागते, तीच माणसे गावातल्या पैशाचा निर्णय होताना गावात नसतात. परत आल्यावर त्यांना कळते की रस्ता पुन्हा गावठाणातच झाला आणि तांड्यावरचा हातपंप तसाच राहिला. त्यांना उदासीन म्हणणे अन्याय आहे. वेळापत्रक लावताना त्यांचा विचारच कुणी केला नाही.

हे निदान बरोबर असेल तर आजवर सुचवले गेलेले दोन लोकप्रिय उपाय अपुरे ठरतात. पहिला सक्तीच्या मतदानाचा. ऑस्ट्रेलियात 1924 पासून ते आहे आणि मतदान सातत्याने नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी तसा कायदा केला, पण 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी थांबवली. हिंगोलीपुरते बोलायचे तर इथे तीनपैकी दोन मतदार आजही केंद्रावर जातातच. उरलेल्यांतले कितीतरी मतदानाच्या दिवशी पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादेत कामावर असतात. त्यांना दंड लावून काय साधणार? दुसरा उपाय ‘नोटा’चा. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हा पर्याय दिला आणि महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये एक पाऊल पुढे टाकून, स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याचे ठरवले. नकाराला वजन आले हे चांगलेच झाले. पण हे दोन्ही उपाय पाच वर्षांतल्या एका दिवसाचे आहेत. दुखणे उरलेल्या सगळ्या दिवसांचे आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला लोकशाहीचा पाया मानण्याला कडाडून विरोध केला. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे ते घर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सत्ता गावाकडे द्या म्हणजे ती गावातल्या दांडग्यांकडेच जाईल, ही भीती आजही खोटी नाही. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. महिला सरपंचाच्या खुर्चीमागून नवऱ्याने कारभार करणे हेही सर्रास दिसते. पण यातून निघणारा निष्कर्ष ग्रामसभा नको असा नाही. ती उघड, नियमबद्ध आणि दुबळ्यांना संरक्षण देणारी हवी, असा आहे. पुरावाही त्याच बाजूचा आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानात आरक्षणामुळे जिथे महिला प्रमुख झाल्या, तिथे पिण्याच्या पाण्यासारख्या बायकांनी मागितलेल्या कामांवर जास्त खर्च झाल्याचे दिसले. टिमोथी बेस्ली, रोहिणी पांडे आणि विजयेंद्र राव यांना दक्षिण भारतातल्या गावांच्या पाहणीत आढळले की जिथे ग्रामसभा खरोखर भरते, तिथे दारिद्र्यरेषेखालची कार्डे भूमिहीनांपर्यंत आणि गरजूंपर्यंत अधिक पोचतात. दांडग्यांचे राज्य बंद खोलीत सोपे असते. यादी मोठ्याने वाचली जाते तिथे ते अवघड होते.

मग ग्रामसभा खरोखर भरते कुठे? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचे नाव सर्वांना माहीत आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आधी अभ्यासगट विषयाची चिरफाड करतो आणि 2009 मध्ये गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. हे छोटे, बहुतांशी एका जमातीचे गाव आहे. अनेक जातींचे, तीन-चार वस्त्यांचे गाव तसे कसे चालणार, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर केरळने दिले. 1996 मध्ये सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत राज्याने योजनेचा 35 ते 40 टक्के पैसा स्थानिक संस्थांच्या हवाली केला. तिथल्या पंचायती आपल्याकडच्यापेक्षा खूप मोठ्या, म्हणून सभा वॉर्डनिहाय झाल्या आणि सभेतही शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण असे विषयवार गट बसले, म्हणजे बोलायला घाबरणाऱ्यालाही लहान गटात तोंड उघडता आले. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये अंदाजपत्रकाचा काही भाग लोकांनी ठरवायची पद्धत सुरू केली; पुणे महापालिकेने 2006 पासून त्याच धर्तीवर नागरिकांकडून कामे मागवली. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी खरा पैसा आणि खरा अधिकार टेबलावर आला, मग माणसे जमली. आधी जनजागृती करा, मग अधिकार देऊ, हा क्रम कुठेही यशस्वी झालेला नाही.

हिंगोलीसाठी यातून काय घ्यायचे? पहिली गोष्ट वरच्यांनी करायची आहे: जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक कुठल्याही कारणाने मुदतीपलीकडे जाणार नाही, अशी तरतूद. आरक्षणाचा किंवा गटरचनेचा वाद असेल तर तो मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी निकाली काढण्याचे वेळापत्रक बंधनकारक हवे. लोकसभा-विधानसभेच्या बाबतीत अशी ढिलाई आपण एक दिवसही खपवून घेत नाही, मग शाळा-दवाखान्याचे निर्णय घेणाऱ्या सभागृहाच्या बाबतीत का घ्यायची? दुसरी गोष्ट ग्रामसभेच्या नियमांची: तहकूब सभेलाही किमान उपस्थितीची अट हवी आणि पैशांचे ठराव तरी तिच्याशिवाय वैध धरू नयेत. विषयपत्रिकेत प्रत्येक कामाचे नाव, वस्ती आणि रक्कम लिहिलेली असावी. तिसरी गोष्ट तारखांची: आराखड्याची सभा ऊसतोड मजूर गावात असतात तेव्हा, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या सुरुवातीला व्हावी आणि तांड्या-वाड्यांवर वॉर्डसभा आधी व्हाव्यात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यातली तरतूद नुसत्या सह्यांची न राहता तिचे इतिवृत्त मुख्य सभेत वाचले जावे.

चौथी गोष्ट मात्र सरकारकडे मागण्याची नाही. ती उद्यापासून आपल्याला करता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला मिळाला. कोणत्या कामावर किती खर्च दाखवला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही मोबाईलवर पाहता येते. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा हातात आहे, महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या चार मुला-मुलींनी सभेआधी त्या खर्चाची यादी मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या भिंतीवर लावली, तरी पुढच्या सभेत प्रश्न विचारणारे वाढतात, कारण विचारायला काहीतरी नेमके हाताशी येते. सरपंचाला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही याचा धाक वाटण्याचे कारण नाही. उघड हिशेब असलेल्या सरपंचावर अफवा चिकटत नाहीत. नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण शंभर माणसे बसली की आजच्या नियमानेही ग्रामसभा होते आणि तिचा ठराव कुणालाही सहज मोडता येत नाही.

कुणी म्हणेल, कर्ज, पीकविमा, हळदीचा आणि सोयाबीनचा भाव हे खरे प्रश्न मुंबई-दिल्लीत ठरतात. ग्रामसभेत बसून ते कसे सुटणार? ते तिथे सुटणार नाहीत, हे खरे आहे. पण मुंबई-दिल्लीकडे मागणी नेणारी संघटित ताकद गावातच तयार होते. ज्या गावाने आपल्या तांड्यावरच्या पाण्याचा ठराव करून तो तडीस नेला, ते गाव आमदाराकडे गर्दी म्हणून जात नाही. ठराव, आकडे आणि पाठपुराव्याची सवय घेऊन जाते. पक्ष फुटले, निष्ठा बदलल्या, 2024 च्या लोकसभेला इथे मुख्य लढत एकाच शिवसेनेच्या दोन तुकड्यांत झाली. मतदाराला त्याचा उबग आला तर त्यात नवल नाही. मात्र पक्षांच्या वागण्याला लगाम घालण्याची ताकद उबगातून येत नाही, ती संघटित मागणीतून येते. निजामाच्या राजवटीत या भागातल्या माणसाला मतच नव्हते. ते मिळावे म्हणून वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंदे यांच्यासारख्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात प्राण दिले. त्यांनी मिळवून दिलेला हक्क पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्यापुरता नव्हता. तो आपल्या गावाचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे निर्णय आपण घेण्याचा हक्क होता. तेवढा तो वापरला, तर कुणीही निवडून आलं तरी काय फरक पडतो या प्रश्नाला ठोस उत्तर देता येईल: निवडून आलेल्याला रोज विचारणारे कुणी असेल, तर फरक पडतोच.